पंच्याखालचा भाव

बाहुबली नांद्रेच्या चेहऱ्याला दार नव्हतं, असं त्याची थोरली बहीण त्रिशला म्हणायची. आत जे असेल ते थेट बाहेर. लहानपणी यानं डब्यातला लाडू खाल्ला तर आईला डबा उघडावा लागत नसे. तोंडाकडं बघितलं की डब्यात किती उरले तेही कळायचं. पुढं पंचेचाळिशी उलटली, डोक्यावरचे निम्मे केस गेले, कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचा व्हॉल्व्हचा कारखाना तो एकहाती चालवायला लागला, तरी चेहऱ्याला दार बसलं नाही ते नाहीच. एरवी ही कौतुकाची गोष्ट होती. पण पुण्याच्या ‘उत्कर्ष हायड्रोजन इंजिन्स’ची ऋजुता अभ्यंकर चेहरा वाचणारा ‘अजमास’ चष्मा लावून कारखान्याच्या दारात उतरली, तेव्हा त्रिशलेनं आधी भावाच्या तोंडाकडं बघितलं.

“अहो,” ती नवऱ्याच्या कानाशी लागली, “बाबूला काळा गॉगल तरी घालायला सांगा की.”

“काय उपयोग? त्याचे कानसुद्धा बोलतात,” धन्यकुमार म्हणाला.

धन्यकुमार मगदूम पेशानं मूल्यमापक. एखादं यंत्र, एखादी जागा, एखादं पेटंट बाजारात किती आणेल हे बँकेला नाहीतर कोर्टाला लिहून द्यायचं, सही ठोकायची आणि फी घ्यायची. अजमास आल्यावर हा पेशा बसला. तेव्हापासून तो मेव्हण्याच्या कारखान्याचे हिशेब बघायचा. फुकट. आता माणूस फुकट काम करतो म्हणजे त्याच्या मनात काय असेल, याचा उद्यमनगरात लोकांनी आपापल्या परीनं हिशेब मांडलेला होताच.

अजमासचं शास्त्र सांगायला सोपं आहे. वस्तूची किंमत वस्तूत नसते. विकणारा कितीपर्यंत खाली उतरेल आणि घेणारा कितीपर्यंत वर चढेल, या दोन आकड्यांच्या मधे ती कुठंतरी असते, आणि ते दोन्ही आकडे माणसांच्या डोक्यात असतात. जुने मूल्यमापक ते बाहेरून हुडकायचे: बनवायला खर्च किती आला, तसलीच वस्तू दुसऱ्याची कितीला गेली, पुढं ती कमावून किती देईल. अजमास ते आतूनच काढायचा. काळजाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीखाली रक्त येतं आणि तिचा रंग कणभर बदलतो. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. मनातल्या आकड्याच्या जवळचा आकडा कानावर पडला की नाडीची लय हलते, नाकाचा शेंडा गार होतो, डोळ्यातली बाहुली रुंदावते. समोरचा नुसता बोलत राहतो, मधेमधे आकडे पेरतो. चष्मा प्रत्येक आकड्याला चेहरा काय म्हणाला ते टिपतो, आणि काचेच्या कोपऱ्यात उत्तर उमटतं.

हे यंत्र आलं आणि घासाघीस मेली. भाजीवाल्या गिऱ्हाइकाकडं पाठ करून भाव सांगायला लागल्या. भावकीच्या वाटणीच्या बैठकीला लोक हेल्मेट घालून बसायला लागले. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या बापाला नाडी शांत ठेवायची गोळी देऊन आणतात, असंही लोक म्हणत. कुणी कुणाला सरळ “किती?” असं विचारलं की ऐकणारा आधी त्याच्या नाकावर चष्मा आहे का ते बघायचा. नसला तर खिशात असेल, असं धरून चालायचा.

बाहुबलीनं शोधून काढलेला, पेटंट घेतलेला व्हॉल्व्ह ऋजुतानं हातात घेतला. अळंबीसारखा आकार, लांब दांडा, वर चपटी टोपी. तिनं तो उजेडाकडं धरला.

“नांद्रे सर, आमच्या इंजिनियरांनी अहवाल पाठवलाय, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. यात नवीन काय आहे?”

झालं. बाहुबलीला हेच हवं होतं.

“हे बघा ताई. डिझेल जळतं तेव्हा काजळी धरतं. ती वाईट असं आपण म्हणतो, पण व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर आपटतो तिथं तीच काजळी गादीचं काम करते. हायड्रोजनला काजळी न्हाई. जळून नुसती पाण्याची वाफ. मग कोरडं लोखंड कोरड्या लोखंडावर, मिनिटाला हजारदा. बैठक झिजत आत जाते, इंजिन दम सोडतं. आता माझं काय? त्या वाफेलाच मी कामाला लावलंय. कडेला हे जे मिश्रण चढवलंय न्हवं, ते तापलं आणि त्याला वाफ लागली की पातळ निसरडी साय धरतं. दुधावर धरते तशी. आपटली की फाटते, परत वाफ लागली की परत धरते. आणि मानेवर ह्या बारीक वळणाच्या चिरा. आत जाणारा वायू ह्या चिरांना ढकलतो, व्हॉल्व्ह दर खेपेला केसभर फिरतो. म्हणजे मार एकाच जागी बसत न्हाई.”

बोलताना त्याच्या चेहऱ्यावर अशी काही प्रभा होती की चष्म्याची गरजच नव्हती. ऋजुता मान डोलावत, हसत, सहज बोलल्यासारखं बोलत होती. हे सगळं उभं करायला तीस-चाळीस लाख तर लागले असतील ना? सांगलीत कुणी तरी पंपाचं पेटंट म्हणे दीड कोटीला दिलं. कंपनीनं मागं एका इंजेक्टरला चार दिले होते. एका गृहस्थांनी तर सरळ दहा मागितले, काय म्हणावं! बाहुबलीचे कान ‘चार’ला लाल झाले. त्रिशलेला ते बिनचष्म्याचं दिसलं.

ऋजुतानं टॅबलेट त्यांच्याकडं वळवला. दाखवणं कायद्यानं बंधनकारक होतं. “चार कोटी दहा लाख. हा तुमच्या व्हॉल्व्हचा बाजारभाव.”

“व्हॉल्व्हचा न्हवं,” धन्यकुमार म्हणाला. “हा माझ्या मेव्हण्याच्या समाधानाचा भाव आहे. ह्याचा बाप ह्याला दहा रुपये द्यायचा, त्यातले दोन हा परत आणून द्यायचा. तुमच्या यंत्रानं तेच मोजलंय.”

“मगदूम सर, कायद्याच्या लेखी बाजारभाव तोच असतो.”

“असू दे. आम्ही विचार करून कळवतो.”

बाहुबली ‘अहो दाजी, पण’ म्हणायला तोंड उघडत होता. त्रिशलेनं त्याच्या पायावर पाय दिला.

सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा दोन्ही घरांचा जैनांचा रिवाज. बाहुबलीनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळं संध्याकाळचं त्याचं ताट बहिणीकडं. कारखान्यातून हात धुऊन तो आला, की तिघं मिळून बसायचे. त्या संध्याकाळी भाकरी मोडता मोडता धन्यकुमारनं हिशेब मांडला.

“ही कंपनी वर्षाला चार हजार ट्रक विकते. हमीच्या मुदतीत प्रत्येक ट्रकची बैठक एकदा तरी बदलून द्यावी लागते, अठरा हजार खर्च. म्हणजे सात कोटी वीस लाख दरसाल पाण्यात. तुझ्या व्हॉल्व्हनं ते वाचतात. वाचलेल्यातला चौथा हिस्सा शोध लावणाऱ्याचा, हे जगभर चालतं. झाले एक कोटी ऐंशी. हायड्रोजनचा जमाना अजून सात वर्षं धरू. साडेबारा-पावणेतेरा होतात. पण पैसा उद्या मिळणार, आज न्हाई. कोणीतरी असलंच दुसरं काढंल. तुझी साय बर्फाच्या मुलखात धरंल का न्हाई कोणाला ठाऊक. ते सगळं वजा करून नऊ. आठाच्या खाली गेलो तर आपण खुळे, बाराच्या वर मागितलं तर ते खुळे.”

“दाजी, चार काय कमी आहेत?” बाहुबली म्हणाला. “नवीन लेथ येईल, वर तीन कोटी उरतील. मी एकटा माणूस, खाऊन खाऊन किती खाणार?”

“बघितलंस?” धन्यकुमार बायकोला म्हणाला. “हा बोलला की भाव उतरतो. ह्याला सौद्याला न्यायचंच न्हाई. आणि मला नेलं तर माझाही चेहरा आहेच. आकडा तोंडातून निघाला की यंत्राला कळलं.”

मग तो उठला, आणि कपाटातून एक जुना, धुऊन पातळ झालेला पंचा घेऊन आला.

त्रिशलेनं तो ओळखला. धन्यकुमारचे आजोबा गूळ बाजारात अडते होते. शेतकऱ्याचा गूळ व्यापाऱ्याला विकून द्यायचा, मधली अडत घ्यायची. तेव्हा सौदा तोंडानं होत नसे. हातावर पंचा टाकायचा आणि खाली बोटं धरून भाव करायचा. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा आवळला की पाच. मनगटावर थाप म्हणजे नामंजूर. आणि हात उताणा, मोकळा सोडला तर ‘तुम्ही धराल तो भाव.’ असा हात सहसा कुणी सोडत नसे. भोवती वीस माणसं उभी असली तरी खाली काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. पुढं कायद्यानं ही पद्धत बंद झाली. का, तर पंच्याखाली एक भाव ठरायचा आणि शेतकऱ्याला दुसराच सांगितला जायचा. त्रिशलेचं लग्न ठरलं तेव्हा तिचे वडील म्हणालेच होते, “मगदुमांच्यात पोरगी द्यायची तर दागिने मोजून द्या आणि मोजूनच परत बघा.” सगळे हसले होते. वडील हसले नव्हते.

“चेहरा वाचता येतो,” धन्यकुमार म्हणत होता, “पण कोणत्या आकड्याला बदलला हे कळायला आकडा ऐकू यायला लागतो, न्हाईतर दिसायला. खाली बोटं, वर कापड. यंत्राला माझी नाडी दिसंल, कशापायी उडाली ते दिसणार न्हाई.”

त्यानं बाहुबलीचा हात पंच्याखाली घेतला आणि शिकवलं. तीन. पंजा आणि एक. बाहुबली लहान मुलासारखा खिदळत होता. त्रिशलाही हसली. पण मनात आलंच: पंचा यंत्रापासून लपवतो हे खरं, पण आमच्यापासूनही लपवतोच की.

ऋजुता अभ्यंकर पंच्याला हो म्हणेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती म्हणाली. कंपनीचा नियम एवढाच होता की चष्मा काढायचा नाही. चष्म्यासमोर हात झाकू नये, असं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

कारखान्यात लेथच्या बाजूच्या बाकावर दोघं समोरासमोर बसले. “एक बोट म्हणजे एक कोटी,” धन्यकुमार मोठ्यानं म्हणाला आणि पंचा टाकला. बाहुबलीला दूर भट्टीपाशी उभं केलं होतं. त्रिशला मात्र जवळच, स्टुलावर.

ऋजुता पहिल्यांदा अवघडली. मग तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी आलं. “गंमत आहे,” ती म्हणाली, “चष्म्यात नुसती रेघ दिसतेय, आकडा नाही.”

“दिसू दे. बोलू नका.”

पंचा हलत होता, थांबत होता. एकदा धन्यकुमारनं तिच्या मनगटावर थाप मारली. एकदा तिनं मारली, आणि स्वतःच दचकली. तिचे गाल लाल झाले, कपाळावर घाम आला. त्रिशला डोळ्यांत तेल घालून बघत होती. शेवटी पंचा उंचावला. एक. मग पुन्हा. दोन. मग तिसऱ्यांदा, जोरात. आणि धन्यकुमारनं कापड ओढून घेतलं.

ऋजुतानं हात मांडीवर घेतला. “मगदूम सर, तीन वर्षं झाली या नोकरीला. मी किती वर जायला तयार आहे, ते मला कळायच्या आत हेड ऑफिसला कळतं. आज पहिल्यांदा माझ्या मनातला आकडा माझ्याच जवळ राहिला.” ती उठली, आणि जाता जाता त्या पंच्याकडं असं बघून गेली, की त्रिशलेला वाटलं, बाईला व्हॉल्व्हपेक्षा कापडच आवडलं.

गाडी वळल्यावर धन्यकुमार बाहुबलीजवळ गेला आणि हळूच म्हणाला, “बारा. पण तोंडातून काढायचं न्हाई. कागद होईपर्यंत मनातसुद्धा मोठ्यानं म्हणू नकोस.”

बाहुबलीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्रिशलेनं मनात पडताळा घेतला. पंजा, पंजा, दोन. तीनदा उंचावला. बरोबर. बारा.

कागद झाला तो कंपनीच्या कोल्हापुरातल्या कार्यालयात. एवढ्या रकमेच्या करारावर अजमासचं साक्षांकन लागायचं. करार मोठ्यानं वाचायचा, कॅमेरा विकणाऱ्याच्या तोंडावर, आणि पुण्याला बसलेले साहेब त्याच्या चेहऱ्याचा आलेख बघणार. त्यात एक मेख होती. आधीचे आकडे धरत नसत; पण त्या वेळी, नाहीतर महिन्याच्या आत परत घेतलेल्या आलेखात, विकणारा याच्या निम्म्यातही खूश झाला असता असं दिसलं, तर कंपनी सौदा परत बोलणीला आणू शकत असे. घेणाऱ्याला फसवलं जाऊ नये म्हणून कायद्यानं केलेली सोय. विकणाऱ्यासाठी अशी सोय करायचं राहून गेलं होतं.

ऋजुता वाचत होती. अटी, मुदती, हक्क. मग ती म्हणाली, “मोबदला, रुपये नऊ कोटी फक्त.”

बाहुबलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आधी कान, मग गाल. खालचा ओठ लोंबला. त्यानं दाजींकडं बघितलं. दाजी छताच्या पंख्याकडं बघत होते. त्रिशलेनंही नवऱ्याकडं बघितलं, मग वर पंख्याकडं. पंखा बंद होता.

परक्यांसमोर तमाशा करायचा बाहुबलीचा स्वभाव नव्हता. त्यानं सही केली. पडद्यावर शेरा उमटला: विक्रेता असमाधानी, भाव कडक, करार मंजूर.

बाहेर आल्यावर तो एकच वाक्य बोलला. “दाजी, तीन कुठं गेले?”

“महिनाभर थांब. सांगतो.”

त्या दिवसापासून तो जेवायला यायचा बंद झाला.

त्रिशला पाट मांडायची तिघांचेच. उन्हं पश्चिमेच्या खिडकीतून भांड्यांवर यायची, मग भिंतीवर चढायची, मग जायची. धन्यकुमार खाली मान घालून जेवायचा. ती तिसरं ताट तसंच उचलून ठेवायची.

शंका ही चीज एकटी कधी येत नाही, नात्यागोत्यासकट येते. त्रिशलेला एक एक आठवायला लागलं. वडिलांच्या मागं कारखान्यातला आपला वाटा तिनं भावाच्या नावे सोडून दिला होता, हक्कसोड पत्र करून, सगळ्या बहिणी करतात तसं. त्या दिवशी नवरा म्हणाला होता, “तुझी मर्जी.” एवढंच. तेव्हा तिला ते मोठेपण वाटलं होतं. आता वाटलं, माणूस इतकी वर्षं फुकट हिशेब ठेवतो तो कशाची वाट बघत? कंपनीनं तीन कोटी वाचवले, तर त्यातलं कुणाला काही मिळालं नसेल?

अशात एका दुपारी ऋजुताचा फोन आला. “सर नाहीयेत का? त्यांना म्हणावं, आम्ही अजून उत्तराची वाट बघतोय. आमच्या खरेदी विभागाला ती बोटांची पद्धत शिकवायची, महिना दोन लाख. समोरच्यांकडेही आता अजमास असतो ना, आमचीच माणसं वाचली जातात.”

त्रिशलेनं विचारलं, “त्या दिवशी पंच्याखाली किती ठरलं होतं?”

ऋजुता हसली. “मॅडम, पंच्याखालचं बाहेर सांगायचं नाही, हा पहिला नियम तुमच्या मिस्टरांनीच शिकवलाय. आणि हा फोन रेकॉर्ड होतो.”

नोकरीबद्दल नवऱ्यानं घरात चकार शब्द काढला नव्हता.

महिना सरला त्या संध्याकाळी धन्यकुमारनं स्वतः मेव्हण्याला निरोप धाडला. बाहुबली आला, पण घरात आला नाही. अंगणातल्या कट्ट्यावर टेकला, चपला पायातच. हातात एक डबी होती.

“आता सांगतो,” धन्यकुमार म्हणाला. “पंच्याखाली नऊच ठरले. तुला बारा सांगितले, कारण तुझ्या मनात चार होते. नऊ ऐकून तू नाचला असतास. आलेखात ते दिसलं असतं आणि सौदा परत चारावर आला असता. बारा मनात धरून बसलास, म्हणून नऊला तोंड पाडलंस. तुझं तोंड खोटं बोलत न्हाई, म्हणून तुझ्या मनालाच खोटं सांगावं लागलं. आजपर्यंत बोललो न्हाई, कारण मुदत आज संपली.”

बाहुबलीनं सगळं ऐकून घेतलं. “पटतंय,” तो म्हणाला. “पण दाजी, एक सांगा. तुम्ही तीन खाल्ले असते, तर आज ह्याच्यापेक्षा वेगळं काय सांगितलं असतं?”

धन्यकुमार अंगठ्यानं कट्ट्याची कड खरवडायला लागला.

“आणि पंचा तीनदा उचलला,” त्रिशला म्हणाली. “मी बघितलंय. नऊ म्हणजे पंजा आणि चार. दोनदा. तिसरं काय होतं?”

“तिसऱ्यांदा तिनं माझा हात धरून गदागदा हलवला. पुण्यात सौदा झाल्यावर हस्तांदोलन करतात म्हणं.”

हे इतकं खुळ्यासारखं होतं, की खरंच असावं. आणि इतकं खुळ्यासारखं होतं, की मुद्दाम रचलेलंही असू शकत होतं.

“आणि नोकरी?”

“नोकरी सांगितली असती तर तुम्ही दोघं काय म्हणाला असता? लाच. म्हणून गप्प बसलो. आता उशिरा कळली, म्हणून दुप्पट लाच दिसतीय.”

बाहुबलीनं डबी उघडली. आत चष्मा होता, तासाच्या भाड्यानं आणलेला, काचेवर दुकानाचं लेबल तसंच. त्यानं तो बहिणीपुढं धरला. “अक्का, मला घालवत न्हाई. तू घाल आणि दाजींना विचार. नऊ का बारा. मोठ्यानं. काय दिसंल ते मला सांग, मी ऐकीन.”

ऊन भिंतीवर वर सरकलं होतं. त्रिशलेनं चष्मा घेतला. हलका होता. घातला की झालं. एक प्रश्न, आणि खऱ्याखोट्याचा निकाल. आणि मग? उद्या भाजी किती लागली, परवा कुणाला भेटून आलात, तिला रोज हा निकाल हवा होईल, हे तिला स्वतःच्या स्वभावावरून पक्कं माहीत होतं. तिची शंका एका उत्तरावर पोट भरणारी नव्हती. शेजारच्या खोतीणबाईनं चष्मा घेतला, त्याला दोन वर्षं झाली. अजून तिनं काढलेला नाही, झोपताना सोडून. नवरा आता तिच्याशी भिंतीकडं तोंड करून बोलतो.

तिनं चष्मा डाव्या हातात ठेवला आणि दोरीवरचा पंचा ओढला.

“हात,” ती नवऱ्याला म्हणाली.

त्यानं हात पुढं केला. तिनं वर पंचा टाकला, खाली त्याची बोटं चाचपली आणि वाट बघितली. आता पंजा आणि चार धरतो का पंजा-पंजा-दोन, ते बघू. कुठलंही धरलं तरी तिला खात्री पटणार नव्हतीच, पण निदान विचारलं असं तरी होईल.

त्यानं काहीच धरलं नाही. त्याचा हात तिच्या हातात उताणा वळला आणि मोकळा पडून राहिला.

तुम्ही धराल तो भाव.

त्रिशलेनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. थकवा होता थोडा. चोर असा हात देत नाही, हे तिच्या एका मनानं सांगितलं. पक्का चोर असाच हात देईल, हे लगेच दुसऱ्या मनानं सांगितलं. दोन्ही मनं तिचीच, आणि दोन्ही हुशार. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसानं तिला चहात साखर घातलीच नाही असं शंभरदा सांगितलं होतं आणि शंभरदा पकडला गेला होता. ज्याला अर्धा चमचा साखर पचत नाही, त्याला तीन कोटी पचतील? हा पुरावा कोर्टात टिकला नसता. पण भाव करायला पुरावा लागत नाही, अजमास लागतो; आणि तो तिला स्वतःचा स्वतःच करायचा होता.

तिनं त्या मोकळ्या हाताचा अख्खा पंजा आवळला. मग चार बोटं. मग हात सोडला.

“काय झालं?” बाहुबली कट्ट्यावरून उठला. “काय धरलं त्यांनी?”

“चष्मा घालायचा असंल तर तू घाल आणि माझ्याकडं बघ,” त्रिशला म्हणाली. “न्हाईतर हात पुढं कर.”

बाहुबली चष्म्याकडं बघत राहिला. मग हळूहळू त्यानं हात पुढं केला. तिनं पंचा टाकला. खाली पंजा धरला. मग चार बोटं. घट्ट. त्याचा चेहरा हलला, ओठ हलला, डोळे भरले. मग तिनं आणखी एक बोट धरलं.

“हे काय?” तो चमकला. “दहा?”

“ती माझी अडत. मधे पडल्याची.” तिनं पंचा काढून खांद्यावर टाकला. “जाताना चष्मा परत देऊन टाक, तास मोजतायत. आणि चपला काढ. दिवस मावळायला आलाय, तिसरं ताट महिनाभर रिकामं उचलतीय मी.”

बाहुबली चपला काढायला वाकला. वाकूनच म्हणाला, “दाजी, पण तुम्ही निदान दहा तरी सांगायचे. बारा ऐकून मी मनात दुसरं मशीनपण घेऊन टाकलं होतं.”

“दहा सांगितले असते तर तोंड पुरेसं पडलं नसतं,” धन्यकुमार म्हणाला.

तिघं आत गेले. त्रिशलेनं भाकरी वाढली, आमटी वाढली. नवऱ्याच्या ताटात वाढताना तिनं त्याच्याकडं एकदा निरखून बघितलं. तो खाली मान घालून भाकरी मोडत होता.

“आणि त्या नोकरीचं,” ती म्हणाली, “उद्या फोन करायचा तो माझ्यासमोर. स्पीकर लावून.”

“बरं,” तो म्हणाला.

तो लगेच ‘बरं’ म्हणाला. जरा जास्तच लगेच, असं तिला वाटलं. पण ऊन खिडकीतून निघून चाललं होतं, आणि भावाची भाकरी संपली होती. ती दुसरी आणायला उठली.